न कळलेलं सांगा

धायरीतलं घर भाड्याने घेताना घरमालकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "तुमच्यात कुणाला गाडी लागते का?"

त्याआधी सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगांना आमची बरीच घरं पाहून झाली होती. बहुतेक मालक आधी गाव विचारत, मग आडनाव विचारत, आणि आडनाव ऐकलं की त्यांना आठवे की ही जागा भाच्याला द्यायचं ठरलंय. आम्ही बौद्ध. असल्या भाच्यांची आम्हाला सवय झाली होती. त्यामुळे आडनावाची तयारी करून गेलेली मी या प्रश्नाने गडबडले. शेवटी माझी आई म्हणाली, "मला घाटात थोडं मळमळतं."

"घाट न्हाय लागत. पुण्यापतुरच जायचं असतं," ते म्हणाले आणि किल्ली काढून दिली.

पुण्यापर्यंत कशाला जायचं असतं, हे तेव्हा कळलं नाही. पहिल्या महिन्यातल्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली. दारात स्वच्छ पांढरा लेंगा, पांढरा शर्ट आणि कडक इस्त्रीची टोपी घातलेले मालक उभे. "आवरा. संस्कृती बघायला जायचं हाय."

सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, आम्हीही तेच म्हणू लागलो. धायरी महापालिकेत येऊन वर्षं लोटली होती, दारावरून शहराची बस जात होती, तरी आबा शेवटपर्यंत 'पुण्यात जाऊन येतो' असंच म्हणत. जमीन थोडी रस्त्यात गेली, थोडी बिल्डरला गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ही इमारत बांधली. वरच्या मजल्यावर ते स्वतः, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकी, मुलगा संतोष, सून सुवर्णा आणि नात. खालचे सगळे भाडेकरू.

संस्कृतीचं खूळ त्यांच्या डोक्यात एका सत्कारात शिरलं होतं. रस्त्याला जागा दिली म्हणून गावातल्या काही जणांना शाल आणि नारळ मिळाला. तिथल्या पाहुण्यांनी भाषणात पुणं ही सांस्कृतिक राजधानी आहे असं बरेच वेळा सांगितलं. आबा घरी येऊन काकींना म्हणाले, "साठी उलटली आपली. राजधानीच्या बांधाला बांध लावून राह्यलो, आन् ती बघितली न्हाय." त्या महिन्यापासून सहल सुरू झाली. महिन्यातला एक रविवार ठरलेला. घरातल्या सगळ्यांनी यायचं, आणि गाडीत जागा उरली तर भाडेकरूंनी. जागा कधी उरायची नाही, पण ती आहे असं आबांचं म्हणणं असे. आम्ही एकमेकांच्या मांडीवर बसून जात असू. दुपारचं जेवण घरचं. काकी बाजरीच्या भाकरी, पिठलं आणि खर्डा बांधून घेत आणि नदीकाठच्या एखाद्या बागेत चादर पसरून आम्ही जेवत असू.

परतीच्या वाटेवर आबांचा एक नियम होता. आज पाहिलं त्यातलं न कळलेलं प्रत्येकाने सांगायचं. लहानापासून सुरुवात, आबा सगळ्यांत शेवटी.

"कळल्यालं सांगू नका. ते तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. न कळल्यालं सांगा," ते म्हणत.

उत्तर कुणी द्यायचं नाही. माझ्या नवऱ्याने पहिल्याच वेळी कुणाच्या तरी शंकेवर समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा आबांनी त्याला थांबवलं. "मास्तर, त्याला इचारू द्या. तुमी सांगितलं की त्याचं इचारणं मरतं." माझा नवरा मास्तर नाही, विमा कंपनीत आहे. पण आबांनी त्याला तेव्हापासून मास्तरच ठेवलं.

शुक्रवार पेठेतल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात आम्ही गेलो तेव्हा आबा एका पितळी अडकित्त्यासमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. बाकीचे तिन्ही मजले पाहून खाली आले तरी ते तिथेच. तिथला कर्मचारी म्हणाला, "आजोबा, पुढे बघण्यासारखं पुष्कळ आहे."

"आसंल की. पर आजच्याला एवढं पुरं."

"मागे लोक खोळंबलेत."

"त्यांना जाऊ द्या. मी वाट अडवली न्हाय, नुस्ता उभा हाय."

गाडीत त्यांनी सांगितलं की सुपारी फोडायच्या वस्तूवर कुणीतरी इतका नक्षीचा मोर का कोरला, ते कळलं नाही. पुढच्या वेळी आम्ही परत त्याच संग्रहालयात गेलो, कारण त्यांचा अडकित्ताच बघून झाला होता.

एकदा संतोषने फोनवरून एका गायनाच्या मैफलीचं बुकिंग केलं. गायिकेने बराच वेळ नुसते आलाप घेतले. आबा हात जोडून, डोळे विस्फारून बसले होते. काकी झोपल्या. काकी सगळीकडेच झोपायच्या, आणि परत येताना 'मला गार वारं का लागलं ते कळलं नाही' असलं काहीतरी सांगून मोकळ्या व्हायच्या. आबा त्या दिवशी म्हणाले, "गाणं सुरू कवा झालं ते मला कळलं न्हाय. पर संपलं तवा वाईट वाटलं." मला शास्त्रीय संगीतातलं फार कळत नाही. त्यानंतर मात्र मैफलीला बसले की मी सुरुवात शोधत बसत नाही.

त्यांनी एका वैशाखात माझ्या आईला विचारलं, "तुमचं काय बघायचं आसंल तर सांगा. दर टायमाला आमचंच का?" आई म्हणाली, बुद्धपौर्णिमेला विहारात चला. सगळे आले. काकी आईच्या शेजारी पांढरी साडी नेसून बसल्या. वंदना झाल्यावर आबांनी आईला हळूच विचारलं, "हितं मागायचं काय?"

"काही मागायचं नसतं."

"मग येता कशाला?"

"बसायला."

आबा बसले. बराच वेळ बसले. परतताना त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "मागायचं काय न्हाय म्हटल्यावर मला इतका वेळ काय सुचतच नव्हतं. ते का, ते कळलं न्हाय." त्यानंतर भावकीतल्या एकाने त्यांना पारावर हटकलं, मी समोरच्या दुकानात होते. "आबा, भाडेकरूंच्या विहारात गेलता म्हणं."

"गेलतो. तुला बी नेला आसता, पर तुला गाडी लागते."

तो माणूस उठून गेला. आबा पुन्हा पेपर वाचायला लागले.

नाटकाला त्यांना घेऊन जाणं मात्र अवघड काम होतं. मागच्या माणसाला दिसावं म्हणून ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवत, मोबाईल बंद करून संतोषकडे देत, आणि मग रंगमंचावरच्या लोकांशी बोलत. मोठ्याने नाही, पण चार रांगांना ऐकू जाईल इतपत. नाटकातला भाऊ खोटं बोलायला लागला की हे म्हणत, "आत्ता गं बया." कुणी दाराआड लपलं असलं की लपलेल्याच्या बाजूने काळजी करत. एकदा पुढच्या रांगेतले गृहस्थ वळून म्हणाले, "आपलं झालं की सांगा, म्हणजे त्यांना पुढचं वाक्य घेता येईल."

"न्हाय न्हाय, त्यांचं चालू द्या. मी बोलत बोलत बघतो," आबा अगदी मनापासून म्हणाले. पेठेतल्या पुणेकराला उत्तर न सुचताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

आता सुवर्णाविषयी सांगायला हवं.

सुवर्णा भोरकडची. लग्नाआधी तिने प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या कामाचा डिप्लोमा केला होता आणि वर्षभर कामही केलं होतं. मग लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिच्या जुन्या मॅडमनी तिला बोलावलं. त्यांची शनिवार पेठेत रक्त-लघवी तपासायची लॅब होती आणि त्यांना हाताखाली माहितीचं माणूस हवं होतं. सुवर्णाने घरात विचारलं. संतोषने नेहमीप्रमाणे आबांकडे पाहिलं, आणि आबांनी नाही म्हटलं.

गच्चीवर पापड वाळत घालताना तिने मला हे सांगितलं. "आबा म्हणाले, घरात काय कमी हाय का? जमीन गेली म्हणून आबांनी सुनेला कामाला लावली, असं भावकी म्हणेल. मी म्हटलं, भावकीच्या रक्ताचं काय घेऊन बसलात, मला मायक्रोस्कोपखाली बघायचंय ते रक्त. हे मनात म्हटलं, तोंडावर नाही."

"परत विचार की."

"विचारलं. दोनदा. दुसऱ्या वेळी ते टीव्ही बघत होते. ऐकू आलं नाही असं दाखवलं."

ती चिडलेली नव्हती. पापड एकसारखे पसरत होती. म्हणाली, "मॅडम किती दिवस थांबतील? त्यांनाही त्यांचं काम आहे."

मला आबांचा राग आला. भावकीला पारावर गप्प बसवणाऱ्या माणसाला सुनेच्या बाबतीत त्याच भावकीची भीती वाटावी, याचं मला नवल वाटलं. पण मी भाडेकरू. त्यांच्या घरात काय बोलणार?

पुढे हिवाळ्यातल्या एका सहलीला नाटक होतं. नदीकाठच्या मोठ्या नाट्यगृहात दुपारचा प्रयोग. नाटकातल्या बाईला लांबच्या गावी शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळालेली असते आणि नवऱ्याला ते नको असतं. दोन अंक त्यांची वादावादी चालते. विनोदी होतं, लोक हसत होते. तिसऱ्या अंकात बाई बॅग भरते आणि पाणी प्यायला आत जाते. नवरा येतो, बॅग बघतो, इकडेतिकडे पाहतो आणि सरळ त्या बॅगेवर बसतो. बाई बाहेर येते. तो उठत नाही. दोघंही काही बोलत नाहीत.

सगळं सभागृह शांत होतं, आणि त्या शांततेत आबा म्हणाले, "ऊठ की लेका. जाऊ दे तिला."

आधी आमच्या रांगेत हशा पिकला, मग सगळीकडे, आणि मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. नटानेही अंधारात आमच्या दिशेने पाहिलं, थोडा थांबला, आणि उठला. उठायचं नाटकात लिहिलेलंच असणार, पण आबांना वाटलं आपण उठवलं. पडदा पडल्यावर दोन-तीन अनोळखी माणसं येऊन त्यांच्याशी हात मिळवून गेली. "आजोबा, आज तुम्ही कमाल केलीत," एक बाई म्हणाली. आबांनी टोपी घातली, ती दोनदा सारखी केली. गाडीपर्यंत ते सगळ्यांच्या पुढे चालत होते.

गाडी निघाली. म्हात्रे पुलाच्या अलीकडेच सिग्नलला अडकलो. आबा पुढच्या सीटवरून म्हणाले, "हां, चला. न कळल्यालं."

माझ्या आणि सुवर्णाच्या, दोन्ही मुलींना एकच शंका होती, की त्या बॅगेत खरे कपडे होते का. मग सुवर्णाची पाळी. ती एरवी 'सगळं कळलं' म्हणून सुटका करून घ्यायची, आणि आबा तिला दर वेळी सुनावायचे, "सगळं कळल्यालं माणूस वाईट." या वेळी ती पुढच्या सीटकडे वाकली.

"आबा, मला एक कळलं नाही."

"बोल की."

"तो नाटकातला माणूस तुमचा कोण?"

"माझा कोण आसणार? नट हाय त्यो."

"त्याला तुम्ही म्हणालात, ऊठ, जाऊ दे तिला. ती बाई तर सगळं गाव सोडून चालली होती. मी शनिवार पेठेत जाणार होते आणि संध्याकाळी घरी येणार होते." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त थोडा हळू. "तिला जाऊ दे म्हणणारे तुम्ही, आणि मला नको म्हणणारेही तुम्हीच. हे एकाच माणसाला कसं जमतं, ते मला कळलं नाही."

संतोषने काही कारण नसताना ब्रेक दाबला. "घरी गेल्यावर बोलू ना आपण," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर काय?"

"तू गाडी बघ," आबा म्हणाले.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. संतोषने गाडी पुढे घेतली. नियमाप्रमाणे उत्तर द्यायचं नव्हतं, त्यामुळे आबा गप्प बसले हे एका अर्थी ठीकच होतं. पण पाळी पुढे सरकायला हवी होती. मी माझं काहीतरी सांगितलं, काय ते आता आठवतही नाही. नवऱ्याने सांगितलं. संतोष म्हणाला, "माझं काही नाही." आई त्या दिवशी आली नव्हती. मग काकींची पाळी आली. त्या जाग्या होत्या. खिडकीतून बाहेर बघत त्या म्हणाल्या, "मलाबी तेच कळलं न्हाय. सुवर्णाला न कळल्यालं."

इतक्या वर्षांत काकींनी नाटकाविषयी काही विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. आबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. काकींनी पदर सारखा केला आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या.

आता राहिले आबा. राजाराम पूल गेला, विठ्ठलवाडी गेली. आनंदनगरच्या गर्दीत गाडी मुंगीसारखी सरकत होती.

"माझं आज ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत असं नंतर कळलं. पुढचे काही दिवस वरच्या मजल्यावरून टीव्हीचा आवाज आला नाही. जिन्यात भेटले तर आबा मान हलवून पुढे जात. संतोष माझ्याशीही तुटकपणे वागायला लागला, जणू सुवर्णाला मीच शिकवून ठेवलं होतं. मला वाटलं, सहली संपल्या, आणि कदाचित आमचं घरही.

मग एका सोमवारी सकाळी मी ऑफिसला जायला निघाले तर धायरी फाट्याच्या स्टॉपवर सुवर्णा उभी. खांद्याला पर्स, केस घट्ट बांधलेले.

"कुठे?"

"शनिवारात. मॅडम थांबल्या होत्या."

"आबा हो म्हणाले?"

ती थोडी हसली. "झालं ठरलं," एवढंच म्हणाली. बस आली आणि आम्ही दोघी लोंबकळत गेलो.

तिच्या नोकरीमुळे आबांचीच पंचाईत झाली. लॅबला रविवारी सकाळी सगळ्यांत जास्त गर्दी. पोटात काही न घेता रक्त द्यायला नोकरदार लोक रविवारीच येतात. सुवर्णाला दुपारपर्यंत सुट्टी नाही, आणि सगळे आल्याशिवाय सहल नाही हा आबांचाच नियम. संतोष म्हणाला, तिला सोडून जाऊ. आबांनी ऐकलं नाही. त्यांनी भाकरी-पिठल्यासकट सगळी गाडी भरली आणि आम्ही शनिवार पेठेत पोहोचलो. अरुंद जिना चढून सगळे लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"कुणाची तपासणी?"

"कुणाची न्हाय. सून सुटायची हाय."

"इथल्या खुर्च्या पेशंटसाठी आहेत."

"बरं. आमी उभं ऱ्हातो."

आणि आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून ओळीने उभे राहिलो. आत काचेपलीकडे सुवर्णा कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधत होती. आबा तिकडे टक लावून बघत होते, संग्रहालयात बघायचे तसेच. बराच वेळ गेल्यावर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "बसा आता. तुम्ही उभे राहिल्याने ती काही लवकर सुटायची नाही." पुढच्या महिन्यापासून त्या आम्हाला बघून खुर्च्या सरकवू लागल्या. सुवर्णा सुटली की तिथूनच आम्ही कसबा पेठेत पायी फिरत असू, तांब्याच्या भांड्यांवर पडणारे हातोड्याचे घाव ऐकत. नाटकाची वेळ मात्र हुकायची. तीनेक वर्षांत दोनच नाटकं झाली असतील. आबांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

आपलं चुकलं असंही ते कधी म्हणाले नाहीत. उलट पारावर ते सांगत, "सून डाक्टर हाय शनिवारात." सुवर्णा त्यांना दर वेळी दुरुस्त करायची. "डॉक्टर नाही आबा, टेक्निशियन." ते मान डोलवायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा डॉक्टरच सांगायचे.

आम्ही नंतर कात्रजकडे स्वतःचं घर घेतलं आणि धायरी सुटली. गेल्या वर्षी आबा गेले. झोपेतच गेले. आई आणि मी भेटायला गेलो तेव्हा काकी आईशी बोलत बसल्या आणि सुवर्णा मला चहासाठी स्वयंपाकघरात घेऊन गेली. एवढी वर्षं मनात होतं ते मी तेव्हा विचारलं.

"त्या नाटकानंतर आबा तुला काय म्हणाले गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "जा असं ते मला कधी म्हणालेच नाहीत. चार-पाच दिवस बोललेच नाहीत. मग एकदा मी भांडी लावत होते, तर दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, 'तुझा डबा सकाळी कितीला लागंल?' मी सांगितलं. म्हणाले, 'मग पाणी लवकर सोडाया पायजे.' आणि गेले."

इमारतीच्या टाकीतून नळांना पाणी सोडायचा कॉक आबा स्वतः फिरवत. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत. मला आठवलं, त्या हिवाळ्यात आमच्याकडे पाणी एकाएकी उजाडायच्या आत यायला लागलं होतं. मुलीची शाळा, माझं ऑफिस, सगळ्यांचीच सकाळ सोपी झाली होती. खालचे आम्ही सगळे भाडेकरू म्हणत होतो, महापालिकेला अक्कल आली.